सहलीची शिदोरी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा प्रथम मी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातव्या इयत्तेपर्यंतचे. पोळपाटापुढे उभे राहण्याची सवय आहे, सभेपुढे उभे राहण्याची नाही. पण त्या म्हणाल्या, "काकू, तुम्हांला जे येते तेच सांगा." मला येते ते स्वयंपाकाचे. म्हणून यंदाच्या सहलीची शिदोरी हाच विषय मी घेतला आहे. विषय लहान वाटेल, पण सहलीला कोण येते आणि कोण घरी राहते हे पुष्कळदा शिदोरीवरच ठरते, असे मला इतक्या वर्षांत दिसून आले आहे.

माझ्या माहेरच्या गावच्या बायका एकदा भाड्याची गाडी करून देवदर्शनाला निघाल्या होत्या. मीही त्यांत होते. दुपारी गाडी एका जेवणाच्या हॉटेलापुढे थांबली. सगळ्या उतरल्या, एक बाई मात्र गाडीतच बसून राहिली. "माझा आज उपास आहे," म्हणाली. त्या दिवशी चतुर्थी नव्हती, एकादशी नव्हती, कोणता वारही नव्हता. आम्ही समजलो. गाडीभाड्याचे पैसे तिने महिनाभर साठवून दिले होते. थाळीला पुन्हा शंभराची नोट मोडणे तिला शक्य नव्हते, आणि आमच्या पैशांनी जेवणे तिच्या मानी स्वभावात बसत नव्हते. पुढच्या वर्षीच्या सहलीला ती आली नाही. कोणी विचारले तर सांगे, "घरी सवड नाही."

भगिनींनो, अशी बाई प्रत्येक मंडळात असते. ती कोण हे शोधत बसू नये. तिला उपासाचे सोंग करावे लागणार नाही अशी व्यवस्था आपण आधीच करावी. ती व्यवस्था म्हणजे सर्वांची मिळून एक शिदोरी.

राज्य सरकारने १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्मे तिकीट केले. पंचाहत्तर वर्षे पुरी झालेल्यांना तर २०२२ सालापासून एस.टी.चा प्रवास फुकट झाला. त्यामुळे आपल्यातल्या कितीतरी जणी घराबाहेर पडू लागल्या. सासूबाईंच्या वयाच्या बायकाही मार्कंड्याला जाऊन येऊ लागल्या. तिकीट निम्मे झाले, पण वाटेतल्या खाण्याचे पैसे कोणी निम्मे केले नाहीत. तेवढे काम आपल्या हातात आहे.

आता आपला रस्ता पाहू. चंद्रपुराहून मूल, मूलवरून वैनगंगा ओलांडून गडचिरोली, तेथून चामोर्शी आणि मार्कंडा. मग आष्टी, अलापल्ली, सिरोंचा, आणि पुलावरून पलीकडे तेलंगणात कालेश्वर. येथून गडचिरोली सुमारे ८० किलोमीटर पडते. अलापल्लीपासून सिरोंचा सुमारे १०० किलोमीटर, आणि ते बहुतेक जंगलच. मूल, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, अलापल्ली येथे चहा-नाश्ता मिळतो. अलापल्लीच्या पुढे मात्र बराच वेळ मोठे गाव लागत नाही, मोबाईललाही जागोजागी रेंज नसते. अशा ठिकाणी कोणाला ओकारी-जुलाब सुरू झाले तर दवाखाना गाठेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. म्हणून आपली शिदोरी स्वस्त तर हवीच, पण आधी ती न विटणारी हवी. खराब झालेले अन्न फुकट मिळाले तरी महागच.

अन्न का विटते ते थोडक्यात सांगते. मी हे आशाताईंकडून आणि आरोग्य केंद्रातील नर्सबाईंकडून विचारून घेतले आहे. जंतूंना वाढायला ओल आणि ऊब लागते. आपल्याकडे ऊब आहेच. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो हे सर्वांना ठाऊक आहे. फाल्गुनातही दुपारी गाडीत चांगलेच तापते. ऊब आपल्या हाती नाही, ओल मात्र आपल्या हाती आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे की शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ तसेच बाहेर ठेवू नये; एक तर ते चांगले कढत असावे, नाही तर थंड पेटीत असावे. आपल्याजवळ थंड पेटी नाही. तेव्हा ओले अन्न दोन तासांच्या आत खायचे आणि नंतरच्या वेळेला कोरडे अन्न न्यायचे, एवढाच मार्ग उरतो.

भाताचे विशेष सांगितले पाहिजे, कारण आपण झाडीपट्टीची माणसे, भाताशिवाय आपले जेवण होत नाही. तांदळात एका जंतूची बीजे असतात, ती उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती पुन्हा जागी होतात आणि पोट बिघडवतात. तो भात नंतर पुन्हा गरम केला तरी त्यातले विष जात नाही. म्हणून पहाटे केलेला दहीभात किंवा मसालेभात दुपारी बाराला उघडायचा ही रीत सोडून द्यावी. सिरोंच्याकडचे आपले तेलुगू बोलणारे शेजारी चिंचेचा कोळ घालून पुलिहोरा करतात. चिंचेच्या आंबटपणामुळे तो साध्या भातापेक्षा बरा टिकतो, तरीही तो त्या दिवसापुरताच. आपण भात रात्रीच्या मुक्कामी ताजा शिजवू आणि वाफेवरच वाढू.

यावरून मी शिदोरीचे तीन नियम केले आहेत.

पहिला नियम: ओले आधी, कोरडे मागून. भाजी पहिल्या खाण्याला. साधी पोळी आणि भाकरी पहिल्या दुपारपर्यंत. तळून ओल गेलेल्या पुऱ्या दुसऱ्या दिवशी. लाडू, फुटाणे, मुरमुरे शेवटपर्यंत. सोलापूरकडच्या बायका भाकरी कडक वाळवून ठेवतात, ती कितीतरी दिवस टिकते. त्यातले इंगितही हेच, की पाणी काढून टाकले.

दुसरा नियम: गरम असताना बांधू नये. तव्यावरची पोळी थेट डब्यात घातली की वाफेचे पाणी होते, पोळ्या चिकटतात आणि लवकर आंबूस होतात. धुतलेल्या सुती पंचावर पोळ्या सुट्या पसराव्यात, पूर्ण निवू द्याव्यात, मग एकावर एक ठेवून कोरड्या कापडात गुंडाळाव्यात. ते गाठोडे बांबूच्या टोपलीत ठेवावे. आपल्या जिल्ह्यांत बांबूला तोटा नाही, आणि टोपलीला चहूकडून वारा लागतो. वर्तमानपत्राच्या कागदात काही बांधू नये. छापाईची शाई अन्नाला लागते, ती पोटात जाणे बरे नव्हे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच हे कळवले आहे, तरी वड्याच्या गाडीवर अजून कागद दिसतोच.

तिसरा नियम: कोरडे न्यावे, ओले तेथे घ्यावे. पोहे घरून न्यावेत, दही चामोर्शीला किंवा सिरोंच्याला ताजे घ्यावे. कांदे, काकड्या, लिंबे अख्खी न्यावीत, चिरून नेऊ नयेत. हिरव्या सांभाराची चटणी घरी वाटू नये; त्याऐवजी जवसाची, तिळाची कोरडी चटणी न्यावी आणि पानावर घेताना त्यात दही किंवा कच्चे तेल कालवावे. ओले खोबरे शिदोरीत घालूच नये, ते सर्वांत आधी विटते.

आता वीस जणींचा दोन दिवसांचा हिशेब सांगते. वही आणली असेल त्यांनी लिहून घ्यावा.

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला निघायचे. मूलला साधारण सातला पोचू. तेथे प्रत्येकीला दोन पोळ्या आणि आलूची कोरडी भाजी. भाजी पाचला उतरवलेली असली म्हणजे दोन तासांत संपते. वीस जणींना आलू दोन किलो पुरतात. त्यांत कांदा घालू नये, पाणी घालू नये. तेलावर परतून, लिंबू पिळून, पूर्ण कोरडी करावी.

दुपारी मार्कंड्याला प्रत्येकीला तीन पोळ्या, जवसाची चटणी, कांदा, काकडी, गुळाचा खडा आणि चामोर्शीहून घेतलेले दही. दोन्ही वेळच्या मिळून माणशी पाच पोळ्या, म्हणजे वीस जणींच्या शंभर. एक किलो कणकेच्या मध्यम आकाराच्या तीसेक पोळ्या होतात. साडेतीन किलो कणीक लागेल. पण शंभर पोळ्या एकीच्याच गळ्यात घालू नयेत. प्रत्येकीने आपल्या घरून पाच आणाव्यात, की शंभर झाल्या. कणीक दुधात भिजवून, गूळ घालून दशम्या केल्या तर मऊ राहतात. पण दूध परवडेल तिनेच करावे, तसा नियम करू नये. चटणी सर्वांची मिळून अर्धा किलो पुरते.

संध्याकाळी गाडीत फुटाणे, फल्लीदाणे आणि मुरमुरे. तिन्ही एकेक किलो घ्यावे, म्हणजे दोन्ही संध्याकाळी होतात. गूळ एक किलो.

रात्री सिरोंच्याला मुक्काम. तेथे चूल किंवा शेगडी मिळते की नाही हे आठ दिवस आधी विचारून ठेवावे. घरून दोन किलो तांदूळ आणि पाऊण किलो मुगाची डाळ निवडून एका पिशवीत, हळद-मीठ-जिरे-तिखट वेगळ्या पुडीत, आणि तेलाची लहान बाटली. पोचल्यावर धुऊन टाकायचे, पाऊण तासात गरम खिचडी तयार. दिवसभर कोरडे खाल्ल्यावर रात्री एक कढत घास पोटात गेला की थकवा उतरतो. उरली तर सकाळसाठी ठेवू नये. मोजूनच घ्यावी, म्हणजे उरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीड किलो पोहे भिजवून, त्यांत तेथेच चिरलेला कांदा, लिंबू आणि फल्लीदाणे. मग कालेश्वराचे दर्शन. दुपारी प्रत्येकीला सहा तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचे लोणचे. एकशे वीस लहान पुऱ्यांना सव्वादोन किलो कणीक आणि तळायला पाऊण किलोपर्यंत तेल लागते. कणीक घट्ट भिजवावी, ओवा आणि तीळ घालावेत, आणि नेहमीपेक्षा मंद आंचेवर कडक तळाव्यात. फुगलेली मऊ पुरी घरी खायला चांगली, प्रवासाला कडक पुरी चांगली.

परतीच्या वाटेसाठी माणशी दोन लाडू. ते मोहफुलांचे करावेत असे मी सुचवते. वाळलेली फुले निवडून, तव्यावर भाजून, तीळ आणि गुळाबरोबर कुटली की लाडू वळता येतात. मोहाचे नाव काढले की काही जणी तोंड फिरवतात, कारण त्यांना फक्त दारू आठवते. पण आपल्या जंगलातल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मोहफूल अन्न म्हणून खाल्ले आहे, आणि आता गडचिरोलीकडचे महिला बचत गट हे लाडू करून विकू लागले आहेत. काजू-बदामांपेक्षा पुष्कळ स्वस्त आणि घरचे.

ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी लाडवाच्या ऐवजी फुटाणे घ्यावेत, आणि गोळी घेतली की वेळेवर खावे. "सगळ्यांबरोबर खाईन" म्हणून थांबू नये. त्यांची एक पुडी त्यांच्या हातातच द्यावी.

पाण्याविषयी. आपल्या घरचे उकळून गार केलेले पाणी स्टीलच्या बाटलीत प्रत्येकीने दोन लिटर घ्यावे, आणि गाडीत एक मोठा कॅन असावा. भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया भगिनी रानात जाताना वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात पेज किंवा आंबील घेऊन जातात. खाणे आणि पिणे दोन्ही एकाच भांड्यात, आणि तुंब्यात ती गारही राहते. शिदोरी कशी असावी हे शिकायला आपल्याला लांब जावे लागत नाही. उन्हाने कोणाला भोवळ आली किंवा जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे सपाटच. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. साखर आणि मीठ पुडीत बांधून, मापाचा चमचा त्यातच ठेवावा. तरीही उतार पडला नाही तर १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. रेंज कोठे लागते हे ड्रायव्हरला ठाऊक असते.

बांधाबांध कशी करावी? प्रत्येक वेळच्या खाण्याचे वेगळे गाठोडे करावे आणि त्यावर चिठ्ठी लावावी: पहिली सकाळ, पहिली दुपार, याप्रमाणे. शेवटी लागणारे तळाशी, आधी लागणारे वर. नाही तर लोणच्यासाठी सगळी पिशवी उपसावी लागते आणि पुऱ्यांचा चुरा होतो. लोणचे काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात न्यावे, पितळेच्या नको. पानांसाठी पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण. पातळ पिशव्यांना आणि प्लास्टिकच्या ताटवाट्यांना आपल्या राज्यात २०१८ पासून बंदीच आहे. पण बंदी नसती तरी मार्कंड्याच्या घाटावर प्लास्टिक टाकून येणे आपल्याला शोभले नसते. ते मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. आवारात चूल पेटवू नये, पाने उचलून आणावीत. वैनगंगा तेथे उत्तरवाहिनी होते म्हणून आपण तिला हात जोडतो. जोडलेल्या हातांनीच तिच्यात खरकटे टाकू नये.

आणखी एक सूचना फार महत्त्वाची आहे. जेवायला गावात किंवा बसस्थानकावर थांबावे. सावली छान दिसते म्हणून जंगलात गाडी थांबवून पंगत मांडू नये. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत वाघाचा वावर ताडोब्यापुरता राहिलेला नाही. मोहफुले वेचायला, सरपणाला गेलेल्या किती जणींवर घाला पडला हे आपण ऐकतो. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत आला, आणि हत्तीला धान्याचा आणि मोहाचा वास दुरून कळतो. कमलापूरचे हत्ती वनखात्याच्या कॅम्पात राहणारे, माणसाळलेले आहेत. सगळेच हत्ती तसे नसतात. माकडांना गाडीतून पोळी टाकण्याची हौसही आवरावी. आपण पुण्य समजून एक पोळी टाकतो, आणि मागून पायी येणाऱ्या पोराच्या हातची पिशवी ते माकड हिसकावते.

आता कामाची वाटणी. कारण शिदोरी स्वस्त झाली, टिकाऊ झाली, पण ती करता करता दोघी-तिघी रात्रभर जागल्या आणि गाडीत बसल्याबरोबर झोपी गेल्या, तर त्यांना वैनगंगाही दिसली नाही आणि प्राणहिताही दिसली नाही. शिदोरी करणारीलाही सहल घडली पाहिजे. म्हणून चार दिवस आधीपासून काम वाटावे. चौथ्या दिवशी आधी लाडू आणि चटणी. तिसऱ्या दिवशी दळण. दुसऱ्या दिवशी खिचडीची डाळ-तांदूळ निवडणे आणि पुड्या बांधणे. आदल्या दिवशी दुपारी चौघींनी मिळून एका घरी पुऱ्या तळाव्यात आणि संध्याकाळी गाठोडी बांधून मोकळे व्हावे. निघायच्या पहाटे प्रत्येकीने आपल्या पाच पोळ्या, आणि दोघींनी तेवढी भाजी. रात्री दहाला सर्वजणी झोपलेल्या असाव्यात.

घरी राहणाऱ्यांचे काय, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकीच्या मनात आहे, मला माहीत आहे. आपण सहलीला निघालो की आपल्याला दोन शिदोऱ्या कराव्या लागतात: एक बरोबर न्यायची आणि एक मागे ठेवायची. दोन दिवसांची भाजी, वरण, पोळ्या करून ठेवता ठेवता काही जणी म्हणतात, "जाऊ द्या, मी येतच नाही." माझे घरच्या मंडळींना नम्र सांगणे आहे, आणि हा मजकूर स्मरणिकेत छापला जाणार असल्याने तो त्यांच्याही वाचनात येईल. वरण-भात करणे फार अवघड नाही. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, कुकरच्या तीन शिट्ट्या. दोन दिवस मुलांनी आणि मुलांच्या बाबांनी तो टाकला तर घर बुडत नाही. उलट आम्ही परत आल्यावर भात कसा लागतो हे ते अधिक प्रेमाने सांगतील.

आता पैशांचे आणि मानाचे. साहित्यासाठी वर्गणी मागू नये, जिन्नस मागावेत, आणि तेही सारखे मागू नयेत. जिच्या घरी शेतीचे तांदूळ आहेत तिने तांदूळ द्यावेत. जिच्या दारी लिंबाचे झाड आहे तिने लिंबे द्यावीत. मोहफुले वेचणारीने मोहफुले द्यावीत. जिच्याकडे देण्यासारखे काही नसेल तिने पुऱ्या लाटाव्यात, दाणे कुटावेत. एका दुपारचे कष्ट एक किलो तेलापेक्षा हलके नसतात. तेल आणि गूळ यांचे पैसे मंडळाच्या शिल्लकीतून घालावेत असा ठराव आपण आज करू शकतो. कोणी काय दिले याची यादी वाचून दाखवू नये आणि सूचनाफलकावरही लावू नये.

आणि पोळ्यांची टोपली एकच असावी. पाच-पाच पोळ्या घरून आल्या की लगेच एकत्र कराव्यात. कोणाच्या पोळ्यांना तूप आहे, कोणाच्या कोरड्या आहेत, कोणी चारच आणू शकली, हे टोपलीत गेल्यावर कळत नाही. आपण गोकुळाष्टमीला काला करतो. कृष्णाने गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या; कोणाच्या शिदोरीत लोणी होते, कोणाच्या शिदोरीत शिळी भाकरी होती. कीर्तन संपल्यावर तो काला आपण हात पुढे करून घेतो आणि प्रसाद म्हणतो. वर्षातून दोन दिवस आपल्या गाडीतही तसाच काला व्हावा, एवढेच माझे म्हणणे.

दर चैत्रात आपल्या महाकालीच्या यात्रेला नांदेड-परभणीकडून आणि तेलंगणातून हजारो माणसे येतात. झरपटीच्या काठी त्यांची बिऱ्हाडे आपण पाहतो. पीठ, डाळ, चटणी, मीठ गाठीला बांधून आणलेले असते. तीन दगड मांडले की चूल झाली. एकाच चुलीवर दोन-तीन घरांच्या भाकरी भाजल्या जातात. त्यांतली पुष्कळ गरीब माणसे आहेत, तरी पैशांवाचून कोणाची यात्रा राहत नाही, कारण निघण्याआधीच त्यांनी गाठोडे बांधलेले असते. २०२२ च्या एप्रिलात सिरोंच्याला प्राणहितेचा पुष्कर मेळा भरला, तेव्हाही अशीच गाठोडी घेऊन लोक आले होते. आपण शहराच्या जवळ राहतो, म्हणून आपल्याला हॉटेल दिसते. पण शिदोरी बांधणे ही आपलीच जुनी रीत आहे, ती काही कमीपणाची नाही.

सभा संपल्यावर चिटणीसबाईंजवळ वही ठेवली आहे. तीत लाडू, चटणी, पुऱ्या, खिचडी, भाजी अशी पाच पाने आहेत. आपल्याला जमेल त्या पानावर प्रत्येकीने नाव लिहावे. शेजारणींपैकी ज्यांना मंडळाच्या सभासद नसतानाही यायचे असेल त्यांनीही लिहावे. वीसच्या जागी पंचवीस झाल्या तर हिशेब सव्वापट करायचा, एवढे गणित सातवीपर्यंत शिकवले होते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे नाव मी लिहीन.